विनय कुणाचा, भंग कुणाचा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रपाळी होती आणि पोलीस ठाण्यांतून आलेल्या बातम्यांची चळत माझ्यापुढे पडली होती. संस्कृत घेऊन बी.ए. झालेली, नुकतीच रुजू झालेली एक उपसंपादक मुलगी चार ओळींची एक बातमी घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. ‘बसस्थानकावर तरुणीचा विनयभंग’ हा मथळा मीच दिला होता.

“सर, जो शिस्तभंग करतो त्याचीच शिस्त मोडलेली असते ना?” तिने विचारले.

“हो. मग?”

“मग विनयभंगात विनय कुणाचा मोडला? त्या मुलीने तर काहीच केलेले नाही. ती बसची वाट पाहत उभी होती.”

पान छपाईला सोडण्याची वेळ झाली होती. “कायद्यातला शब्द आहे, तसाच जाऊ दे,” असे सांगून मी वेळ मारून नेली. मथळा तसाच छापून आला. त्यानंतर तशा शेकडो बातम्या माझ्या हाताखालून गेल्या असतील. परंतु तो प्रश्न काही गेला नाही. आज त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

मराठीतील हा शब्द कायद्याच्या वाटेने रूढ झाला आणि कायद्यात तो ‘मॉडेस्टी’ या इंग्रजी शब्दाची छाया म्हणून उभा आहे. तेव्हा शोध त्या इंग्रजी शब्दापासूनच घ्यावा लागतो.

एका शब्दाची अनेक घरे

‘मॉडेस्टी’चे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘मोडुस’ म्हणजे माप, परिमाण. त्यावरून ‘मोदेस्तिया’ म्हणजे मापात राहणे, आपले स्थान ओळखून वागणे. सिसेरोसारख्या रोमन विचारवंताने कर्तव्यावरील आपल्या ग्रंथात या गुणाचा विचार केला तो नागरिकाचा, म्हणजे त्या काळच्या व्यवस्थेत पुरुषाचा गुण म्हणून. गंमत अशी की ‘मॉडरेट’ आणि ‘मॉडर्न’ हे दोन्ही शब्द याच मुळापासून निघाले आहेत. आधुनिकता आणि विनय एका मुळाच्या दोन फांद्या आहेत, हे आपल्याकडील आधुनिक आणि सनातनी या दोघांनीही लक्षात ठेवावे.

पुढे इंग्रजीत या शब्दाने अनेक घरे केली. विद्वानाच्या संदर्भात तो आला की अर्थ होतो नम्रता. स्वतःच्या कर्तृत्वाचा डांगोरा न पिटणे. पगाराच्या किंवा घराच्या संदर्भात आला की अर्थ होतो माफक, बेताचा. मागणीच्या संदर्भात आला की वाजवी. वेशभूषेच्या संदर्भात आला की अंग झाकणारा, शालीन. कार्यालयातील टेबलाच्या पुढच्या बाजूला, बसणाऱ्याचे पाय दिसू नयेत म्हणून जी फळी ठोकतात, तिलाही इंग्रजीत ‘मॉडेस्टी पॅनेल’ म्हणतात! आणि स्त्रीच्या संदर्भात आला की मात्र त्याच शब्दात लज्जा, शील, संकोच आणि पावित्र्य यांची एकत्र भर पडते.

एकाच शब्दाला पुरुषासाठी एक आणि स्त्रीसाठी दुसरा अर्थ असावा, ही त्या शब्दाची खरी कहाणी आहे. पुरुष ‘मॉडेस्ट’ असतो तेव्हा तो आपल्या गुणांविषयी मौन पाळतो. स्त्री ‘मॉडेस्ट’ असते तेव्हा तिने आपल्या देहाविषयी मौन पाळावे, अशी अपेक्षा असते. मापात राहण्याचा, सर्वांसाठी असलेला एक गुण हळूहळू एकाच बाजूच्या माथी मारला गेला.

संहितेत शिरलेला शब्द

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये भारतासाठी दंडसंहितेचा मसुदा तयार केला. ती संहिता १८६० मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आली. तिच्या कलम ३५४ मध्ये स्त्रीच्या ‘मॉडेस्टी’चा भंग करण्याच्या उद्देशाने केलेला हल्ला किंवा बलप्रयोग हा गुन्हा ठरला, कलम ५०९ मध्ये शब्द, हावभाव किंवा कृती यांनी त्याच ‘मॉडेस्टी’चा अवमान करणे हा गुन्हा ठरला. ‘मॉडेस्टी’ म्हणजे काय, याची व्याख्या मात्र संपूर्ण संहितेत कोठेही नाही.

याच सुमारास ब्रिटिश संसद स्वतःच्या देशासाठी काय लिहीत होती, ते पाहण्यासारखे आहे. १८६१ च्या त्यांच्या कायद्यात अशाच प्रकारच्या गुन्ह्याचे नाव होते ‘इन्डीसेन्ट असॉल्ट’, म्हणजे असभ्य हल्ला. विशेषण हल्ल्याला लागले होते, स्त्रीला नव्हे. तेथे न्यायालयाने तपासायचे ते हल्लेखोराचे कृत्य; येथे न्यायालयाने प्रथम शोधायचे ते स्त्रीपाशी असलेले काहीतरी, आणि मग ते दुखावले गेले की नाही हे ठरवायचे. हे कोणी कावा म्हणून केले असे म्हणण्याचे कारण नाही. परिणाम मात्र दीडशेहून अधिक वर्षे आपण भोगला. इंग्लंडने २००३ च्या कायद्यात ते जुने नावही बदलून ‘लैंगिक हल्ला’ असे सरळ नाव दिले. ‘मॉडेस्टी’ आजही टिकून आहे ती भारत, पाकिस्तान, बांगलादेश, मलेशिया, सिंगापूर अशा, त्या संहितेचा वारसा घेतलेल्या देशांत. घरमालकाने टाकून दिलेले सामान भाडेकरूने जपून ठेवावे, तशातला हा प्रकार आहे.

हिंदीत या शब्दासाठी ‘लज्जा’ हा शब्द घेतला गेला. मराठीने ‘विनय’ घेतला. एकाच इंग्रजी शब्दासाठी दोन भगिनीभाषांनी दोन वेगळे शब्द निवडावेत, यावरूनच मूळ शब्द किती निसरडा आहे, हे ध्यानात येते.

न्यायालयांची कसरत

व्याख्या नसलेला शब्द न्यायालयापुढे आला की काय होते, याचे सर्वांत विदारक उदाहरण पंजाबातील आहे. एका नराधमाने साडेसात महिन्यांच्या बालिकेवर अत्याचार केला. पंजाब उच्च न्यायालयाने असे मानले की इतक्या लहान जिवाला ‘मॉडेस्टी’ची जाणीव असणे शक्य नाही; म्हणून कलम ३५४ लागू होत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ च्या निकालात सरन्यायाधीश ए. के. सरकार यांचे मत उच्च न्यायालयाच्याच बाजूचे होते. परंतु न्या. ज. र. मुधोळकर आणि न्या. बचावत यांनी बहुमताने ते फेटाळले. न्या. बचावत यांच्या मते स्त्रीच्या ‘मॉडेस्टी’चे सार तिचे स्त्रीत्व हेच आहे आणि ते जन्मापासून तिच्यापाशी असते. न्या. मुधोळकर यांनी मोजपट्टी फिरवून कृत्याकडे नेली. माणसांच्या सर्वसाधारण समजुतीनुसार जे कृत्य उघडपणे लैंगिक स्वरूपाचे आहे, ते या कलमाच्या कक्षेत येते. त्या स्त्रीला त्याची जाणीव झाली की नाही, हा प्रश्न गौण आहे.

निकाल न्याय्य होता, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण पाळण्यातल्या लेकरापाशी ‘विनय’ होता की नव्हता, याचा खल देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला करावा लागला, तो केवळ एका शब्दामुळे. गुन्हा दिसत होता, गुन्हेगार समोर होता. अडथळा होता तो शब्दाचा.

दुसरे प्रकरण चंडीगडचे. जुलै १९८८ मध्ये एका मेजवानीत पंजाबचे तत्कालीन पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी ज्येष्ठ सनदी अधिकारी रूपन देओल बजाज यांच्याशी गैरवर्तन केले. पंजाबातील दहशतवाद मोडून काढणारा अधिकारी म्हणून गिल यांचे ऋण देश मानतो, आणि ते मानलेच पाहिजे. परंतु राष्ट्रकार्याची पुण्याई अशा कृत्याच्या खात्यावर वळती करता येत नाही. उच्च न्यायालयाने ही तक्रार रद्दबातल ठरवली होती. घडले ते क्षुल्लक असल्याचा युक्तिवाद पुढे आला होता. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो साफ नाकारला आणि खटला पुढे चालवला. या निकालात न्यायालयाला ‘मॉडेस्टी’चा अर्थ ठरवण्यासाठी इंग्रजी शब्दकोश उघडावे लागले. त्यांत सापडले ते स्त्रीसुलभ औचित्य, विचार-उच्चार-आचारातील पावित्र्य, अभद्राविषयीची उपजत लाज. अखेर स्त्रीच्या शालीनतेच्या भावनेला धक्का बसेल असे कृत्य, अशी कसोटी न्यायालयाने सांगितली. गिल यांची दोषसिद्धी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. एका उच्चपदस्थ, सुशिक्षित, निर्भय महिलेला त्यासाठी सतरा वर्षे झगडावे लागले. मग एसटीच्या फलाटावर उभ्या असलेल्या मुलीची काय कथा?

तिसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे आणि अगदी अलीकडचे. बारा वर्षांच्या मुलीशी केलेल्या चाळ्यांच्या प्रकरणात जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असा निर्णय दिला की वस्त्रावरून केलेला स्पर्श हा बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ मध्ये झालेल्या ‘पॉक्सो’ कायद्याखालील लैंगिक हल्ला ठरत नाही. तो फार तर विनयभंग ठरतो. दोहोंत भेद काय? ‘पॉक्सो’खाली किमान तीन वर्षांची शिक्षा आहे, विनयभंगाला किमान एक वर्षाची. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी हा निर्णय रद्द केला आणि स्पर्शामागचा लैंगिक हेतू महत्त्वाचा, कातडीला कातडी लागणे नव्हे, असे बजावले. तीन वर्षांची शिक्षा पुन्हा कायम झाली. पण त्या दहा महिन्यांनी एक गोष्ट उघड केली. ‘विनयभंग’ हा आपल्या व्यवहारात सौम्य शब्द होऊन बसला आहे. ‘फार तर विनयभंग’ असे आपण म्हणू शकतो, यातच त्या शब्दाचा पराभव आहे.

आपली परंपरा काय सांगते?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक असेल. लज्जा, विनय, मर्यादा ही तर आपली मूल्ये आहेत. ती कायद्यातून काढून टाकण्याची भाषा करणे म्हणजे पाश्चात्त्य मोकळेपणाची भलामण करणे नव्हे काय? मला अगदी उलट वाटते. ही मूल्ये थोर आहेत म्हणूनच त्यांचा असा वापर थांबला पाहिजे.

‘विनय’ हा शब्द ‘नी’ म्हणजे नेणे या धातूपासून आला. विशेष रीतीने नेणे, घडवणे, शिस्त लावणे हा त्याचा मूळ अर्थ. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे पहिलेच अधिकरण ‘विनयाधिकारिक’ आहे. त्यात राजाने विद्या आणि इंद्रियजय यांनी स्वतःला कसे घडवावे, याचे विवेचन आहे. बौद्धांच्या त्रिपिटकातील ‘विनयपिटक’ म्हणजे भिक्षु-भिक्षुणींच्या शिस्तीचे नियम. विनय ही अशी कमावण्याची गोष्ट आहे. जन्माने चिकटणारी नव्हे आणि एकट्या स्त्रीची तर मुळीच नव्हे.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत ‘ह्री’ म्हणजे लज्जा आहे. भगवंत ती सांगतात कुणाला? रणांगणावर उभ्या असलेल्या पुरुषाला. तेराव्या अध्यायात ज्ञानाचे पहिले लक्षण ‘अमानित्व’ सांगितले, तेही अर्जुनालाच. आणि मर्यादेचा आदर्श म्हणून या देशाने ज्याला पूजले, तो मर्यादापुरुषोत्तम आहे. आपल्या परंपरेने मर्यादेची मोजपट्टी पुरुषाच्या हातात दिली होती ती दुसऱ्याला मापण्यासाठी नव्हे, स्वतःला मापण्यासाठी.

द्यूतसभेतील प्रसंग आठवावा. भर सभेत ओढून आणण्याची आज्ञा झाली तेव्हा द्रौपदीने प्रातिकामीकरवी सभेला प्रश्न विचारला. धर्मराजाने आधी स्वतःला पणाला लावून गमावले की मला? जो स्वतःच दास झाला त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, असा तो रोकडा न्यायशास्त्रीय प्रश्न होता. भीष्मांसारख्यांना उत्तर देता आले नाही. तो प्रसंग वाचताना भंग कुणाचा झाला, याविषयी आपल्या मनात कधी शंका येते का? लाज गेली ती सभेची.

आणि आपल्या मराठी मुलखातला दाखला तर फार बोलका आहे. रांझ्याच्या पाटलाला शिवरायांनी दिलेली शिक्षा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या प्रकरणाचे पत्र उपलब्ध आहे. परंपरा हा अपराध स्त्रीवरील अत्याचाराचा म्हणून सांगते. पत्रात मात्र त्यासाठी शब्द येतो तो ‘बदअमल’. पाटलाच्या हातून घडलेले दुष्कृत्य, एवढेच. कोणाच्या विनयाची, कोणाच्या लज्जेची चर्चा नाही. अपराधाचे नाव अपराध्याच्या कृत्यावरून. मेकॉलेच्या संहितेच्या दोनशे वर्षे आधी या मातीत ही दृष्टी होती.

आता माझ्या सहकारी मुलीच्या प्रश्नाकडे येतो. व्याकरण दोन्ही बाजूंनी बोलते, हे मान्य केले पाहिजे. शिस्तभंगात, वचनभंगात करणाऱ्याचे मोडते. मानभंगात, तेजोभंगात सोसणाऱ्याचे मोडते. पण मान दुसऱ्याने द्यायचा असतो, म्हणून दुसरा तो मोडू शकतो. विनय स्वतः कमावायचा असतो. तो दुसऱ्याला मोडता येत नाही. राहता राहिला तपोभंग. तेथे तपस्वी स्वतः ढळल्याशिवाय तप भंगत नाही. ‘तरुणीचा विनयभंग’ म्हणताना नकळत हाच ध्वनी उमटतो की तिचेही काहीतरी ढळले. मग कपडे कोणते होते, इतक्या उशिरा बाहेर का होती, हे प्रश्न आपोआप रांगेने येतात. शब्दानेच त्यांना दार उघडून दिलेले असते.

शब्द बदलून काय होणार?

दिल्लीतील निर्भया प्रकरणानंतर न्या. जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला. कलम ३५४ ची मांडणी बदलून त्या जागी संमतीविना केलेला लैंगिक स्पर्श म्हणजे लैंगिक हल्ला, अशी सरळ व्याख्या करावी, ही त्यातील एक सूचना. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती ती किमान एक आणि कमाल पाच वर्षे झाली. छळ, पाठलाग, चोरून पाहणे यांसाठी नवी कलमे आली. शब्द मात्र राहिला.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. वसाहतकाळाचा ठसा पुसण्याचा संकल्प त्यामागे होता आणि ‘दंडा’च्या जागी ‘न्याय’ आणण्याची ती दृष्टी स्वागतार्हच आहे. स्त्रिया आणि बालके यांच्याविरुद्धचे गुन्हे संहितेच्या पाचव्याच प्रकरणात, अग्रभागी आणले गेले, हेही उचित झाले. पण त्याच प्रकरणातील कलम ७४ आणि ७९ उघडून पाहावे. मेकॉलेची ‘मॉडेस्टी’ तेथे जशीच्या तशी बसलेली आहे. घराची पाटी बदलली, नवा रंग दिला आणि माजघरात जुन्या साहेबाची खुर्ची तशीच राहिली. आपल्याच माणसांनी केलेल्या चांगल्या कामातील उणीव आपणच दाखवली पाहिजे. ते परक्यांवर सोडू नये.

‘शब्द बदलून काय होणार, अंमलबजावणी महत्त्वाची,’ असे म्हणणारे अर्धे बरोबर आहेत. नुसत्या शब्दाने कोणतीही मुलगी सुरक्षित होत नाही. परंतु तक्रार लिहून घेणारा हवालदार, बातमी देणारा पत्रकार, निकाल लिहिणारा न्यायाधीश आणि घरी वाट पाहणारे आईवडील हे सारे त्या शब्दानेच विचार करतात. ‘विनयभंग झाला’ म्हटले की आईवडील लोक काय म्हणतील, याचा विचार करू लागतात आणि तक्रार घरातच मिटते. ‘हल्ला झाला’ म्हटले की ते पोलीस ठाण्याची वाट धरतात.

पर्यायी शब्द शोधण्यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ आहे. १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत, अनुच्छेद ५१-क मध्ये, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देण्याचे कर्तव्य प्रत्येक नागरिकाला सांगितले आहे. प्रतिष्ठा तान्ह्या बाळालाही असते, सनदी अधिकाऱ्यालाही असते आणि फलाटावरच्या मुलीलाही असते. ती सिद्ध करण्यासाठी शब्दकोश उघडावा लागत नाही. गुन्ह्याचे नाव ‘लैंगिक हल्ला’ आणि त्याने दुखावते ती ‘प्रतिष्ठा’, एवढे संसदेने लिहिले की पुरे.

संसद जेव्हा करील तेव्हा करो. आपल्या हाती असलेले आपण आजच करू शकतो. मी माझ्यापुरते केले आहे. कायद्याचे कलम उद्धृत करायचे असेल तेथे कायद्याचाच शब्द येतो. मथळ्यात मात्र ‘तरुणीचा विनयभंग’ लिहीत नाही. ‘बसस्थानकावर तरुणीवर हल्ला, एकास अटक’ असे लिहितो. जागा तेवढीच लागते.

ती उपसंपादक मुलगी आज दुसऱ्या गावी, दुसऱ्या वृत्तपत्रात आहे. तिला त्या रात्री उत्तर द्यायचे राहून गेले, ते आता देतो. विनय त्याचाच मोडला, मुली. ज्याच्यापाशी तो असायला हवा होता, त्याचा. तुझा शाबूत आहे. तो मोडण्याची शक्ती कुणाच्याही हातात नाही.